सत्तावन्नची थंडरबर्ड की सत्तावन्नचीच कॉर्वेट? बजेट ५० हजार डॉलर, डोकं चालेना झालंय

गॅरेजात_पसारा

मंडळी नमस्कार. न्यू जर्सीत राहतो, पन्नाशी आली, मोठी पोरगी यंदा कॉलेजात गेली आणि गॅरेजमधली एक जागा रिकामी झाली, तर बायको म्हणाली की इतकी वर्षं नुसते फोटो बघतोस, घे एकदाची आणि विषय संपव. ती हे पुन्हा म्हणणार नाही हे मला माहित्ये म्हणून घाई आहे :)

मला पन्नासच्या दशकातलीच दोन सीटर हवी आहे, मस्टॅंग-कॅमॅरो नको, त्या गल्लोगल्ली दिसतात. दोन गाड्या बघून ठेवल्यात.

पहिली फोर्डची १९५७ ची थंडरबर्ड, काळी, ३१२ घन इंचाचं इंजिन, फोर्डोमॅटिक (म्हणजे फोर्डचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), नंबर D7FH ने (डी, सात, एफ, एच असं वाचा) सुरू होतो. गोल खिडकीवाला हार्डटॉप (काढता येणारं कडक छप्पर) आहे, कापडी टप नाही. पॉवर स्टिअरिंग, पॉवर सीट. मालक ४२ हजार मागतोय. गाडी चालू केली तेव्हा थोडी टिकटिक येत होती, तो म्हणाला जुन्या गाड्या अशाच वाजतात.

दुसरी शेव्हरोलेची (शेव्हीची) १९५७ ची कॉर्वेट, लाल. दिसायला अशी की मी पाच मिनिटं काही बोललोच नाही. पण इंजिन मूळचं नाही, मधे कधीतरी कोणीतरी नंतरच्या काळातलं ३५० टाकलंय. गिअर चार, मॅन्युअल. मागतोय ५४. मूळ इंजिनवाल्या बघितल्या तर त्या माझ्या बजेटच्या फार वर जातायत.

म्हणजे प्रश्न असा की इमानदार थंडरबर्ड घ्यावी की हृदय बदललेली कॉर्वेट? वर्षाला हजार-दीड हजार मैल चालवीन, रविवारी सकाळी, एखाद दुसऱ्या शोला. स्वतः तेल-प्लग-ब्रेक एवढं करतो, इंजिन कधी खोललेलं नाही. विकायची सध्या इच्छा नाही पण पैसे अगदीच बुडू नयेत एवढंच.

---

वायब्लॉक_वेडा

भाऊ पहिलं काम, त्या टिकटिकीवर विश्वास ठेवू नका आणि त्या मालकावर तर अजिबात नको.

३१२ हे फोर्डचं वाय-ब्लॉक इंजिन. ब्लॉकच्या कडा क्रॅंकच्या खालपर्यंत उतरतात, समोरून बघितलं तर इंग्रजी वाय सारखा आकार दिसतो म्हणून ते नाव. दणकट आहे, जड आहे, आवाज तर असा की दुसऱ्या कुठल्या व्ही-एटचा येत नाही. पण त्याला एक जन्मजात खोड आहे आणि ती माहीत नसताना गाडी घेतली की रडायची पाळी येते. वरच्या रॉकर आर्मना (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे छोटे दांडे) तेल जातं ते मधल्या कॅम बेअरिंगपाशी असलेल्या वाटेने जातं, ती वाट अरुंद, आणि त्या काळात लोक जे तेल घालायचे त्यात मळ धुऊन नेणारे घटक नसायचे, त्यामुळे चिखलासारखा गाळ साचून वाट तुंबते किंवा बेअरिंग झिजून दाबच वर पोचत नाही. खाली गेज झकास प्रेशर दाखवतो आणि वर रॉकर कोरडे ठणठणीत. मग टिकटिक. मग रॉकर ज्यावर बसतात तो शाफ्ट झिजतो.

तपासायला दहा मिनिटं लागतात. टॅपेट कव्हर वरून फक्त दोन नटांवर बसलेलं असतं, ते काढा, खाली एखादं फडकं धरा, इंजिन चालू करा आणि गरम होऊ द्या. मग टॉर्च घेऊन बघत बसा. प्रत्येक रॉकरच्या टोकाशी तेल हळूहळू पाझरताना दिसलं पाहिजे, पिचकारी नको, पाझर हवा, दहीहंडीनंतर हंडीतून ठिबकतं तसं. दोन्ही बाजू कोरड्या असल्या तर मधल्या कॅम बेअरिंगवर संशय घ्यायचा, एकच बाजू कोरडी असेल तर त्या हेडकडे जाणारी वाट तुंबलीय असं धरून चाला, ते त्या मानाने स्वस्तात निपटतं. बाहेरून तेलाची नळी जोडून द्यायचं किट मिळतं, बरेच जण ते लावून मोकळे होतात. मला ते पटत नाही, रोग आत ठेवून वरून मलम लावण्यातला प्रकार आहे तो, पण गाडी चालते हे खरं.

आणि टिकटिक ही नुसती क्लिअरन्सची पण असू शकते बरं का, याचे लिफ्टर सॉलिड असतात, आपोआप जुळवून घेत नाहीत, अधूनमधून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून सेट करावेच लागतात. म्हणून तर म्हणतो कव्हर उघडून बघा, कानावर जाऊ नका.

नंबरचं सांगतो. पहिलं D म्हणजे ३१२ एक चार-बॅरल कार्बोरेटरवालं, ७ म्हणजे १९५७, F म्हणजे डिअरबॉर्न कारखाना, H म्हणजे थंडरबर्ड. पहिलं अक्षर E असतं तर दोन चार-बॅरल कार्बोरेटर, F असतं तर सुपरचार्जर, ३०० हॉर्सपॉवर, त्या २०० च्या जरा वर बनल्या आणि त्यांची किंमत विचारायची नसते. तुमची साधी D आहे, आणि हे मी चांगल्या अर्थाने म्हणतोय. D ला कोणी खोटं बनवत नाही.

---

सॉलिड_ॲक्सल

मी कॉर्वेटवाला आहे, त्यामुळे पक्षपाती समजा.

आधी एक गंमत सांगतो. १९५७ ला थंडरबर्ड २१,३८० विकल्या गेल्या आणि कॉर्वेट फक्त ६,३३९. म्हणजे तिपटीहून जास्त. त्याच्या दोन वर्षं आधी १९५५ ला तर शेव्हीने जेमतेम ७०० कॉर्वेट बनवल्या होत्या आणि जनरल मोटर्समध्ये ती बंद करायचं चाललं होतं. फोर्डने थंडरबर्ड आणली आणि तिथे नाकाचा प्रश्न झाला, आता बंद केली तर हरलो असं दिसेल. थोडक्यात थंडरबर्ड नसती तर कॉर्वेट कदाचित आज नसती. आणि फोर्डने काय केलं? १९५८ ला थंडरबर्डला चार सीट लावल्या, ती आणखी विकली गेली, हिशोब बरोबर निघाला, दोन सीटर संपली. बाजारात जी जिंकली ती आज निम्म्या किमतीला मिळते आणि जी हरत होती तिच्यामागे लोक धावतात.

का, तर दोघींचा स्वभाव वेगळा. व्हीलबेस दोघींचा १०२ इंच, कागदावर जुळ्या बहिणी वाटतात. पण फोर्डने स्वतः तिला स्पोर्ट्स कार कधी म्हटलंच नाही, पर्सनल कार म्हणायचे. कॉर्वेटचं अंग फायबर ग्लासचं, शेकडो पौंडांनी हलकी, आणि झोरा आर्कस-डंटोव्हसारखा रेसिंगमधला माणूस तिच्यामागे लागलेला. १९५७ ला २८३ इंजिन आलं, वर रॉचेस्टरचं फ्युएल इंजेक्शन, २८३ घन इंचातून २८३ हॉर्सपॉवर, जाहिरातीत तेच मिरवायचे. वसंतात चार गिअर आले. त्याच वर्षी सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत आपल्या क्लासमध्ये पहिली. थंडरबर्ड चालवताना सोफ्यावर बसल्यासारखं वाटतं, कॉर्वेट चालवताना दोन्ही हात कामाला लागतात. तुम्ही दोन्ही चालवून बघितल्यात का? ते लिहिलंच नाहीये तुम्ही.

आता तुमची लाल. ३५० टाकलेली आहे म्हणजे क्लबच्या जजिंगला गेलात की मोटरच्या रकान्यात मार्कं गेली, आणि विकताना पण "मोटर मूळची नाही" हे वाक्य पहिलं येणार. पण एक लक्षात घ्या, तीच गोष्ट तुमच्या फायद्याची पण आहे. ३५० हे त्याच घराण्यातलं स्मॉल ब्लॉक, पार्ट कुठेही मिळतात, पावसात अडकलात तर जीव खालीवर होत नाही. मूळ इंजिनवाली घेऊन जे लोक तिला ताडपत्रीखाली झाकून ठेवतात त्यांच्यापेक्षा तुम्ही दहापट जास्त चालवाल.

फक्त ५४ जास्त आहेत. आणि खाली वाका. अंगाला गंज नाही म्हणून लोक बिनधास्त असतात, पण अंगाखाली फ्रेम लोखंडाचीच आहे हो. मागच्या ॲक्सलवरून फ्रेम जिथे वर उचलली जाते तिथे माती-मीठ अडकून बसतं, तिथे स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकून बघा, टणटण वाजलं तर ठीक, थबथब वाजलं तर घरी या.

---

तेलकट_हात

वरच्या दोघांनी चांगलं लिहिलंय पण दोघेही आपापल्या देवळातले पुजारी आहेत हे ध्यानात ठेवून वाचा, मी दोन्ही प्रकारच्या गाड्यांवर हात काळे केलेत.

पत्रा आणि फायबर कसं बघायचं ते कोणी सांगितलं नाही. थंडरबर्डला चुंबक घेऊन जा, फ्रिजवरचा साधा चालेल, पुढच्या चाकामागचा फेंडरचा खालचा भाग, दाराची खालची कड, मागच्या चाकापुढचा कोपरा, डिकीचा तळ. जिथे चुंबक गळून पडला तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलीय. कॉर्वेटला चुंबकाचा उपयोग शून्य, तिथे हात लागतो. चाकाच्या कमानीतून, बॉनेटच्या खालून, जिथून जमेल तिथून पॅनलच्या आतल्या बाजूवर बोटं फिरवा. कारखान्यातलं पॅनल साच्यात दोन्हीकडून दाबून बनवलेलं असतं त्यामुळे आतून पण बऱ्यापैकी गुळगुळीत लागतं. कोणी ठोकून मग हाताने थर लावून दुरुस्त केली असेल तर आतून खरखरीत, तंतू वर आलेले, गोणपाटावर राळ वाळल्यासारखं लागतं. आणि जोडांच्या मागे पट्ट्या असतात, त्या आहेत का बघा, नसतील तर त्या गाडीचं नाक कधीतरी दुसऱ्या गाडीवरून आलंय. बाहेरून कितीही आरसा असू दे, मी बोटांवर विश्वास ठेवतो. एकदा मी ठेवला नव्हता. एक पांढरी, नाव नको कोणाचं, बाहेरून लोणी, आणि घरी आणून लिफ्टवर घेतल्यावर कळलं की उजवी बाजू पुढून मागेपर्यंत दोन वेगवेगळ्या गाड्यांची होती. रंगाचेच इतके पैसे गेले की पुढची तीन वर्षं बायकोने गाडीत पाय ठेवला नाही.

दुसरं, कॉर्वेटची वायरिंग. लोखंडी गाडीत बॉडी हीच अर्थ असते, फायबरमध्ये करंट परतायला वाट नाही, प्रत्येक दिव्याला वेगळी वायर परत न्यावी लागते. सत्तर वर्षांत कोणी ना कोणी त्यात हात घातलेला असतोच. इंडिकेटर लावला की गेज नाचतो, हॉर्न मारला की दिवे मंद, असले प्रकार दिसले तर घाबरू नका, अर्थिंगच असतं बहुतेक, पण शोधताना केस पांढरे होतात. रेडिओवाल्या कॉर्वेटला डिस्ट्रिब्युटरवर चमकणारी झाकणं असायची ती शोभेसाठी नाही, फायबरमधून इग्निशनची खरखर अडत नाही म्हणून ती लावायचे. ती गायब असतील तर बाजारात वेगळे पैसे पडतात.

खोट्या गाड्यांचं पण बोलू. बर्डच्या नंबरातच इंजिन लिहिलेलं आहे, हा मोठा आधार. कॉर्वेटचा नंबर म्हणजे E57S आणि पुढे क्रमांक, एवढंच, तो कॉर्वेट आहे, सत्तावन्न आहे, सेंट लुईसला बनली आहे इतकंच सांगतो. आत साधी २२० हॉर्सपॉवर होती की इंजेक्शनवाली हे त्यात नाही. ते कळतं इंजिनावरच्या पॅडवरून, पुढे उजव्या हेडच्या समोर सपाट जागा असते तिथे कारखाना, तारीख आणि शेवटी दोन अक्षरं ठोकलेली असतात. इंजेक्शनवाल्या १,०४० बनल्या आणि त्यांना मागणी किती ते तुम्हाला माहित्ये, म्हणून लोक पॅड घासून नवीन अक्षरं ठोकतात. मूळ पॅडवर मशिनच्या बारीक सरळ रेषा असतात, घासला की त्या जातात. तुमच्या लालच्या बाबतीत हा प्रश्नच नाही, तिच्यात सरळ ३५० आहे आणि मालक ते तोंडाने सांगतोय. ही त्या गाडीची माझ्या मते सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

---

साडीवाली_ड्रायव्हर

मी क्वचित लिहिते पण या विषयावर राहवेना. आमच्याकडे छप्पन्नची बर्ड होती आणि आता सत्तावन्नची आहे, दोन्ही मीच जास्त चालवल्या, यांना पाठीचा त्रास आहे.

सगळे इंजिनाबद्दल बोलतायत, कोणी आत बसण्याबद्दल बोलेना. दोन्ही गाड्यांची पुढची काच कडेला वळून मागे येते, त्यामुळे काचेचा खांब दाराच्या जागेत गुडघ्यासारखा पुढे आलेला असतो. आणि तुमचा स्वतःचा गुडघा बरोब्बर त्यावरच आपटतो. उंच असाल तर प्रत्येक वेळी. मी पाच फूट दोन, तरी मला पहिल्या महिन्यात कायम निळा डाग होता. दादा तुम्ही तुमची उंची सांगितली नाहीत. स्टिअरिंगचं चाक पण केवढं मोठं, मांडीला घासतं. बर्डला चाक पुढेमागे ओढता येतं आणि पॉवर सीट आहे, जमतं मग. कॉर्वेटला पॉवर स्टिअरिंग मिळतच नव्हतं, पार्किंगमध्ये हात भरून येतात, माझ्या एका मैत्रिणीच्या गाडीवर अनुभव घेतलाय.

छप्पन्नपेक्षा सत्तावन्न बरी हे नक्की. छप्पन्नला डिकी लहान म्हणून स्पेअर चाक मागे बाहेर टांगलं होतं, दिसायला काय सुंदर, पण मागे एवढं वजन लटकलं की वळणावर ढुंगण वेगळ्याच दिशेला जातं. सत्तावन्नला डिकी लांब केली, चाक परत आत. दोन बॅगा बसतात.

आता वाईट. उन्हाळ्यात पाय भाजतात. एसी कारखान्याचा नाहीच. ट्रॅफिकमध्ये अडकलात की आधी तापमानाचा काटा वर आणि मागोमाग तुम्ही. तुमच्याकडे नुसता हार्डटॉप आहे म्हणताय, तो काढायला दोन माणसं लागतात, एकट्याने प्रयत्न करू नका, आमच्याकडे एकदा डिकीच्या पत्र्यावर आपटला आणि काळ्या रंगावर तो ओरखडा सहा फुटांवरून दिसायचा. आणि काढून निघालात आणि पाऊस आला तर टप नाही! कापडी टपाची फ्रेम वेगळी विकत घ्यायची म्हणजे चांगला खर्च आहे, तो ४२ मधून वजा करून बोला.

फोर्डोमॅटिक ड्राइव्हमध्ये टाकली की दुसऱ्या गिअरवरच उठते, पॅडल पूर्ण दाबलं तर पहिला घेते, नाहीतर आरामात. घाबरू नका, बिघडलेली नाहीये.

---

सॉलिड_ॲक्सल

ताईंचं पॉवर स्टिअरिंगचं मान्य. पण हजार-दीड हजार मैलात किती वेळा पार्किंग करणार हो?

बाकी एक राहिलं, दोन्ही गाड्यांना ब्रेक चारही ड्रम आणि मास्टर सिलिंडर एकच सर्किटचा. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. ज्यांना शोला मार्कं हवीत ते तसाच ठेवतात, चालवणाऱ्याने दोन सर्किटचा बसवून घ्यावा, जुना डब्यात जपून ठेवावा. यावर वाद नको.

---

वायब्लॉक_वेडा

@सॉलिड_ॲक्सल ब्रेकवर शंभर टक्के सहमत, आयुष्यात पहिल्यांदा :D

@गॅरेजात_पसारा पैशाचं माझं मत. साधी D कोड बर्ड ही काही गुंतवणूक नाही, तिच्या किमती कॉर्वेटसारख्या उड्या मारत नाहीत. पण इंजिन बदललेली कॉर्वेट पण त्या उड्या मारत नाही, उड्या मारतात त्या वेगळ्या. म्हणजे पैशाच्या बाजूने दोन्ही सारख्याच, मग १२ हजार जास्त कशाला? त्या बारात बर्डचं वरचं काम, ब्रेक, टप सगळं होऊन पेट्रोलला उरतील. विमा मात्र ठरलेल्या किमतीचा घ्या, रोजच्या गाडीसारखा घेतलात तर उद्या काही झालं की ते सत्तर वर्षांचा घसारा लावून हातात चणे-फुटाणे देतील.

---

तेलकट_हात

बाराचं गणित बरोबर आहे पण एक विसरलात. माणूस लाल गाडीसमोर पाच मिनिटं गप्प उभा राहिला म्हणतोय. काळीसमोर किती मिनिटं उभा राहिला ते लिहिलेलं नाही.

---

गॅरेजात_पसारा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. @तेलकट_हात तुम्ही पकडलंत मला, काळीसमोर पण उभा होतो, पण बोलत होतो.

तर अपडेट. शनिवारी दोन्हीकडे जाऊन आलो, चुंबक खिशात, टॉर्च, जुनं फडकं. उंची पाच अकरा. आधी लाल. बोटं फिरवली. डाव्या चाकाच्या कमानीत आतून गुळगुळीत, उजवीकडे पुढे हात घातला आणि ते गोणपाट लागलं, वीतभर नाही चांगलं हातभर. मालकाला दाखवलं तर म्हणाला मला माहीत नव्हतं, खरंच माहीत नसावं, चेहरा उतरला बिचाऱ्याचा. फ्रेम मागे टणटण वाजली. चालवली. काय सांगू, दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना जो आवाज येतो त्यासाठी माणूस कर्ज काढेल. उतरताना गुडघा आपटला. लाल दिव्याशी थांबलो तर उजवा इंडिकेटर आणि पेट्रोलचा काटा एका तालात नाचत होते.

मग काळी. मालक कव्हर उघडू देईना, गॅस्केट फाटेल म्हणाला. मी म्हटलं गॅस्केट मी आणून देतो. मग उघडलं. ड्रायव्हरच्या बाजूचे सगळे रॉकर ओले, अगदी लिहिलं होतं तसा पाझर. दुसऱ्या बाजूचं उघडलं तर कोरडं, म्हणजे पूर्ण कोरडं नाही पण नुसतं तेलकट, शाफ्टवर बोट फिरवलं तर मागच्या दोन रॉकरपाशी खाच लागली. मी काही बोललो नाही, टॉर्च त्याच्या हातात दिली. तो बराच वेळ बघत बसला आणि मग म्हणाला किती देणार.

चुंबक दोन ठिकाणी पडला, दोन्ही दाराच्या खालच्या कडेला. डिकी स्वच्छ. चालवली, गुडघा इथेही आपटला (ताई तुम्ही म्हणालात तस्सं, बरोब्बर तिथेच), पण सीट मागे घेतली, चाक आत ढकललं आणि पुढची वीस मिनिटं मला काही झालंच नाही, म्हणजे कसली घाई नाही, काही सिद्ध करायचं नाही. बायको शेजारी बसली होती. लाल गाडीत ती दाराची मूठ धरून बसली होती, इथे तिने चप्पल काढून पाय वर घेतले.

३४ सांगितले, ३६,५०० ला मिटलं, चेक दिला. पुढच्या आठवड्यात ट्रेलरवरून येईल, हेड काढल्याशिवाय चालवणार नाही. @वायब्लॉक_वेडा तुम्हाला आता फोटोंचा त्रास होणार आहे, शाफ्टचे नंबर-बिंबर विचारीन. हार्डटॉप भिंतीवर कुठे टांगायचा ते अजून ठरलेलं नाही, तिथे सध्या पोरीची सायकल आहे आणि ती फोनवर म्हणाली की सायकलला हात लावायचा नाही.